पाष्टे काकांचं अनुमोदन

मी पहिल्यांदा आमच्या सोसायटीच्या सभेला गेले तेव्हा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकाच खुर्चीवर माणूस बसला होता. ऑफिसच्या दाराजवळची, भिंतीला टेकवलेली खुर्ची. पांढरा हाफ शर्ट, कडक इस्त्रीचा, आणि पायात चपलांऐवजी बूट. रविवारी सकाळी स्वतःच्याच बिल्डिंगच्या खाली कुणी बूट घालून येत नाही, म्हणून मी आधी बुटांकडेच पाहिलं. नोटीस बोर्डावर लिहिलेल्या वेळेला मी पोचले होते. मला वाटलं जागा चुकली.

"सभा इथेच आहे ना?" मी विचारलं.

"इथेच. सुरू पण झाली," ते म्हणाले. "आणि तहकूब पण झाली. बस."

मला तहकूब म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. सभेला ठरावीक इतके सभासद हजर नसले की ती तहकूब होते. अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, आणि त्या दुसऱ्या सभेला कितीही कमी माणसं असली तरी चालतात. नोटिशीच्या तळाशी हे बारीक अक्षरात छापलेलंच असतं. त्यामुळे सगळी बिल्डिंग थेट दुसऱ्या सभेला खाली उतरते. पहिल्या सभेला येणारे एकटे हेच, पाष्टे काका.

"मग तुम्ही आत्ता कशाला येता?"

"बोलावलंय ना," ते म्हणाले. "बोलावल्यावर नाय यायचं?"

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मी काही त्यांच्या नात्यातली नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते चौथ्यावर. आमच्या घरात सभेला जायची सवय कुणालाच नव्हती. फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, पण बाबा काशीमिऱ्याच्या एका गोदामातून माल भरून गुजरातला ट्रक नेतात, रविवारी ते बहुतेक वापीच्या पुढे असतात. आईला चारचौघांत बसायचं म्हटलं की घाम फुटतो. मी कॉलेजला जाते, आमच्याकडची पहिलीच, म्हणून "तुला कळेल, तू जाऊन बस" असं ठरलं. मला काही कळत नव्हतं. पण नोटिशीत लिहिलेली वेळ खरी मानून जाणारी आम्ही दोघंच होतो, आणि म्हणून तो तहकुबीचा अर्धा तास आमचा झाला.

काका भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंगवर होते. म्हणजे फिरत्या चाकावर भांडं दाबून धरायचं आणि आरशासारखं चकचकीत करायचं. बोटांच्या भेगांमधली काळी रेघ निवृत्तीनंतरही गेली नव्हती. बोलता बोलता खोकला आला की ते तोंड भिंतीकडे फिरवायचे, एक बोट वर करून मला थांबवायचे आणि खोकला संपला की म्हणायचे, "हां. इंजिन गार झालं. बोल." गाव राजापूरकडचं. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि सुनंदा काकू.

पहिल्याच सभेत मला त्यांची ती गोष्ट दिसली, जिच्यासाठी सगळी बिल्डिंग त्यांना ओळखायची. सभेत काहीही ठरवायचं तर एकाने ते मांडावं लागतं, तो सूचक. आणि दुसऱ्याने उठून सांगावं लागतं की माझं याला अनुमोदन आहे. तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर त्या विषयावर मत घेता येत नाही, तो तिथेच संपतो. आमच्याकडे सूचक बदलत. कधी चेअरमन भानुशाली भाई, कधी दुसऱ्या मजल्यावरचे मिश्राजी. अनुमोदक कायम एकच. टाकी साफ करायची आहे, पाष्टे काका उठणार: "माझं अनुमोदन आहे." जिन्यातले दिवे बदलायचे आहेत: "माझं अनुमोदन आहे." प्रत्येक वेळी ते खुर्चीवरून पूर्ण उभे राहायचे, शर्ट खाली ओढायचे, मग बोलायचे. बसून अनुमोदन दिलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

"पाष्टेभाऊ, अभी तो मैंने पूरा बोला भी नहीं!" भानुशाली भाई हसायचे.

"बोला, बोला. मी उभाच आहे," काका म्हणायचे.

सेक्रेटरी दळवी साहेब लॅपटॉप मांडीवर घेऊन बसत. बँकेत आहेत, हात झरझर चालतो. मागच्या सभेची फाइल उघडायची, तारीख बदलायची, विषय बदलायचे, झालं इतिवृत्त तयार. ते गमतीने म्हणत, "पाष्टे, तुमच्यामुळे माझं टायपिंग वाचतं. अनुमोदकाचं नाव मी खोडतच नाही." सगळे हसत. काकाही हसत.

एकदा मात्र वाद झाला. मिश्राजींनी मांडलं की कंपाउंडमधल्या कुत्र्यांना खायला घालू द्यावं. लगेच तळमजल्यावरच्या नाईक मॅडमनी मांडलं की अजिबात घालू देऊ नये, गेटमधून आत येताना पोरं घाबरतात. काकांनी दोन्हीला अनुमोदन दिलं.

"अहो पाष्टे, दोन्ही बाजूंनी कसं खेळता?" दळवी साहेब चिडले. "काहीतरी एक ठरवा."

"ठरवलंय की. मत मी हात वर करून देणार. ते एकालाच," काका शांतपणे म्हणाले. "अनुमोदन म्हणजे मत नाय, साहेब. अनुमोदन म्हणजे एवढंच, की ह्या माणसाचं ऐकून घ्यायला हरकत नाय."

मी राज्यशास्त्र घेतलंय. आमच्या पुस्तकात याबद्दल अर्धं पान आहे, पण मला ते काकांच्या त्या वाक्यानंतरच समजलं.

गुरव काकांचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ होतं. ते पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. बायको काही वर्षांपूर्वी माहेरी गेली ती आलीच नाही. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलंय की बिल्डिंगचं गेट चुकीच्या दिशेला आहे, म्हणून इथे कुणाचं भलं होत नाही. प्रत्येक वार्षिक सभेत ते उठून गेट पूर्वेला हलवायचा ठराव मांडायचे. पूर्वेला दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे. लोक खोकल्यासारखं करून हसायचे. आणि पाष्टे काका उठायचे, शर्ट खाली ओढायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "माझं अनुमोदन आहे." मग मत घ्यावंच लागे. वर एकच हात जायचा, गुरव काकांचा. ठराव नामंजूर. आणि गुरव काका समाधानाने खाली बसायचे.

मी पुढच्या वेळी त्या अर्ध्या तासात विचारलं, "काका, तुम्हाला माहीत असतं ना की ते होणारं नाही?"

"मला काय, त्यालाही माहीत आहे."

"मग?"

"माणूस उभा राहून बोलला ना, की त्याच्या मागून एक तरी आवाज यायला पाहिजे. नाय आला तर तो वेडा दिसतो. बरोबर बोलला असला तरी वेडा दिसतो."

मग त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. बफिंगची धूळ नाकातोंडात जायची. काकांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत सेठसमोर उभं राहून तोंडाला बांधायचे मास्क मागितले. सगळे डबे उघडून बसलेले, कुणी वर पाहिना. सेठ हसून म्हणाला, "पाष्टे, आज क्या खाके आया?" तेवढ्यात मागून रामदुलार नावाचा एक जण, ज्याच्याशी काकांचं कधी धड बोलणंही नव्हतं, भरल्या तोंडाने म्हणाला, "बराबर तो बोल रहा है, सेठ."

"बस, एवढंच," काका म्हणाले. "मास्क आले. थोडे दिवस आले, मग बंद झाले ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी मी वेडा नाय दिसलो."

सुनंदा काकूंना मी खाली उतरलेलं फारसं पाहिलेलं नाही. आमची बिल्डिंग जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. काकूंचे गुडघे आधीपासून दुखरे, त्यात त्या न्हाणीघरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. चौघा पोरांनी खुर्चीवर बसवून त्यांना वर नेलं, त्या वरच राहिल्या. वर राहूनही त्यांचा संसार खालपर्यंत पोचायचा. गॅलरीतून त्या दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या. सकाळी पालीहून मासळी घेऊन येणारी बाई गेटपाशी बसायची, आणि चार मजल्यांच्या अंतरावरून दोघींचा सौदा चालायचा.

"ताजे आहेत का गं बोंबील?" वरून.

"ताजंच हाय! तुला वरना काय दिसतंय?" खालून.

"दिसत नाही म्हणूनच विचारते!"

"मंग ये की खाली, हात लावून बघ!"

यावर काकू हसायच्या. पण मी एकदा त्यांच्याकडे नारळाची वडी द्यायला गेले होते तेव्हा मासळीच्या टोपलीत हात घालून त्या बराच वेळ नुसत्या बसल्या होत्या. म्हणाल्या, "मासा आपल्या हाताने निवडून घ्यावा गो. ती देईल तो घ्यायचा म्हणजे काय."

डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं. काकूंनी रोज सपाट जमिनीवर चालायला हवं, घरात नाही, मोकळ्यावर. वॉकर घेऊन, हळूहळू वाढवत. नाही चालल्या तर पाय आखडतील आणि मग त्या कधीच उभ्या राहणार नाहीत. त्यांच्या घरात चालण्यासारखी जागा म्हणजे दारापासून गॅलरीपर्यंत, आणि मध्ये पलंग. एकदा उतरवून परत चढवायचं तर चार माणसं लागत, आणि ती रोज कुठून आणायची. काका स्वतः प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घ्यायचे.

तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणायचं एवढंच. एक खोली, मागे छोटी मोरी. आत गणपतीच्या मंडपाचे बांबू, बंद पडलेला पंप, जुने मीटरचे बोर्ड आणि सभेच्या खुर्च्या. वर्षातून काही वेळा उघडतं.

एका रविवारी तहकुबीच्या अर्ध्या तासात काका म्हणाले, "आज मी सूचक आहे."

मला आधी गंमतच वाटली. मग त्यांनी सांगितलं. ते ऑफिसची खोली मागणार होते. कायमची नाही, आणि फुकटही नाही. चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरातली एक खोली सोसायटीने सामानासाठी वापरावी, बांबू-पंप सगळं ते स्वतः वर नेऊन ठेवायची व्यवस्था करतील. बदल्यात काकू चालायला लागेपर्यंत खालच्या खोलीत दोघांनी राहायचं. दारातून बाहेर पाऊल टाकलं की पार्किंगची फरशी, सरळ गेटपर्यंत. "मासळीवालीपर्यंत," ते म्हणाले.

"कुणाला आधी बोलून ठेवलंत का? म्हणजे अनुमोदनासाठी?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न आवडला नाही असं वाटलं. "मी कुणाला आधी विचारायला लावलं होतं काय?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "सगळे घरचेच आहेत. कोणीतरी उठेल."

सभा भरली. मागचं इतिवृत्त वाचून झालं, टाकीचा विषय झाला. भानुशाली भाईंनी विचारलं, और किसी का कुछ? काका उभे राहिले. शर्ट खाली ओढला. इतकी वर्षं तीन शब्द बोलणारा माणूस सलग बोलायला लागल्यावर लोक गप्प झाले. त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, खोलीचं सांगितलं. बोलताना दोनदा खोकला आला, दोन्ही वेळा भिंतीकडे वळून परत वळले. शेवटी म्हणाले, "तर अशी माझी सूचना आहे," आणि उभेच राहिले.

"अच्छा," भानुशाली भाई म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. काकूंच्या हातची आंबोळी त्यांनी किती वेळा खाल्ली होती. "देखो, दिल से तो सबको लगता है..."

"उपविधीत बसतं का ते पाहावं लागेल," दळवी साहेब लॅपटॉपकडे बघत म्हणाले. "म्हणजे माझा विरोध नाही हं, पाष्टे. पण उद्या दुसऱ्या कुणी मागितलं तर?"

"विरोध कोणाचाच नाही," नाईक मॅडम म्हणाल्या.

"बिलकुल नहीं," मिश्राजी म्हणाले.

"ठीक. प्रोसिजरने जाऊ," दळवी साहेब म्हणाले. "सूचक, श्री. पाष्टे. अनुमोदक?"

आणि कुणीच बोललं नाही.

मला आजही वाटतं, त्यांतल्या निम्म्या लोकांना ते वाक्य म्हणायची सवयच नव्हती. ते वाक्य काकांचं होतं. सगळे ते कुणीतरी म्हणेल म्हणून थांबले होते. उरलेल्यांना खोली जाईल याची भीती असेल. मिश्राजी वर छताकडे बघत होते. गुरव काका खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत होते, आणि तो नीट होत नव्हता. काका अजून उभे होते. ते कुणा एकाकडे बघत नव्हते, सगळ्यांकडे बघून थोडंसं हसत होते, पाहुण्यांची वाट बघताना माणूस हसतो तसं.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझं... म्हणजे बाबांच्या वतीने, अनुमोदन आहे."

"बाळा, तुझं नाव सभासदांच्या यादीत नाही," दळवी साहेब म्हणाले. रागाने नाही. "तू बसू शकतेस. अनुमोदन सभासदाचंच लागतं."

मी बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे ट्रकचा आवाज.

"बाबा, पाष्टे काकांना अनुमोदन द्यायचंय!"

"काय द्यायचंय?"

"अनुमोदन! हो म्हणायचं असतं!"

"मग हो! हो म्हणतोय मी! पाष्टेभाऊंना हो!" बाबा ओरडले. "अजून काय करायचं असतं?"

दोघं-तिघं हसले. दळवी साहेबही हसले आणि मान हलवली. "फोनवर होत नाही गं. रेकॉर्डवर कसं घेऊ?"

"काय झालं? झालं का?" बाबा विचारत होते. मी फोन बंद केला.

"बस गो," काका मला म्हणाले. "बस." मग तेही बसले.

"तो विषय नोंदवत नाही मग. अनुमोदक नाही," दळवी साहेब म्हणाले. "पुढचा विषय. पंपाची दुरुस्ती. सूचक मिश्राजी. अनुमोदक?"

काका उभे राहिले. शर्ट खाली ओढला. "माझं अनुमोदन आहे," ते म्हणाले. आवाज रोजचाच होता.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जिना चढले. प्रत्येक मजल्यावर ते कठड्याला टेकून थांबत होते. आमच्या दारापाशी मी विचारलं, "काकूंना काय सांगणार?"

"सांगेन, पुढच्या वेळी घेतील." ते दोन पायऱ्या चढले आणि वळले. "पण विरोध कुणीच केला नाय, बघितलंस ना?"

पुढच्या वेळी त्यांनी तो विषय काढला नाही. मी सुचवलं की मी मिश्राजींना भेटते, नाईक मॅडमना भेटते. ते म्हणाले, "नको. मागून आलेला आवाज आपणहून यायला पाहिजे. आणलेला असला की त्यात काय नसतं." मला हे पटलं नाही. मी तरीही मिश्राजींना जिन्यात गाठून विचारलं. ते फार चांगलं बोलले. म्हणाले, बेटा, दळवीजी से पूछ लो, मुझे कोई दिक्कत नहीं. दळवी साहेब म्हणाले, कुणी सभासद पुढे आला की बघू.

सभा होत राहिल्या. काका पहिल्या सभेला येत राहिले, बूट घालून. पार्किंगच्या पट्ट्या आखण्याला अनुमोदन, गेटच्या वेळेला अनुमोदन, गुरव काकांच्या पूर्वेच्या गेटलाही, नेहमीसारखं. वर काकू आधी वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत यायच्या, मग गॅलरीत खुर्ची आली, मग खुर्ची आत गेली. टोपली बंद झाली. मासळीवाली काही दिवस गेटपाशी थांबून वर बघायची. एकदा मला म्हणाली, "काकू खाली न्हाय येत, तं निदान वरना भांडायला तरी सांग." नंतर तीही पुढच्या बिल्डिंगकडे बसायला लागली.

काका पावसाळ्याच्या शेवटी गेले. ताप, छातीत कफ, हॉस्पिटल. इंजिन गार झालं नाही. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा प्रश्न आला की त्यांना ठेवायचं कुठे. जिना अरुंद, चार मजले. दळवी साहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि ऑफिस उघडलं. पोरांनी बांबू बाहेर काढले, पंप ओढत भिंतीशी नेला, मीटरचे बोर्ड, खुर्च्या, सगळं. नाईक मॅडमनी स्वतः केर काढून फरशी पुसली. चहा थंड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खोली रिकामी झाली. कुणीच कुणाला विचारलं नाही. काकांना आत, मोरीच्या बाजूला डोकं करून ठेवलं.

काकूंना खाली आणायला चौघं वर गेले. खुर्चीवर बसवलं, चादरीने बांधलं. जिन्याच्या पहिल्याच वळणावर त्यांचा पाय भिंतीला लागला आणि त्या अशा ओरडल्या की आई कानावर हात ठेवून दारातच बसली. "नको रे, वर न्या मला, वर न्या," त्या म्हणत राहिल्या. मग त्यांना परत नेऊन गॅलरीत बसवलं. गॅलरीतून ऑफिस दिसत नाही, मध्ये स्लॅब येतो. काकांना बाहेर काढून गेटपर्यंत नेलं, तेवढंच काकूंना दिसलं. सपाट फरशीवरून, सरळ गेटपर्यंत.

ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीचे मेसेज आले. एकाने टाकला, लगेच दुसऱ्याने, मग सगळ्यांनी.

महिनाभराने काकूंचा भाचा राजापूरहून न्यायला आला. या वेळी त्यांना झोपेचं औषध देऊन, उशा लावून उतरवलं. औषध पुरतं उतरलं नव्हतं, तरी खाली आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि खुर्ची जरा टेकवायला सांगितली. पाय फरशीला लागले. ऑफिसला कुलूप होतं, पण खिडकी उघडी होती. बांबू परत आत गेले होते.

"हीच ना ती?" काकूंनी मला विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी खिडकीतून थोडा वेळ आत पाहिलं. "पुरली असती," त्या म्हणाल्या. मग भाच्याला म्हणाल्या, "चल."

त्यानंतरच्या सभेला मी नोटिशीतल्या वेळेलाच गेले. खुर्च्या मांडलेल्या होत्या. दाराजवळची, भिंतीला टेकवलेली खुर्चीही होती. सभा सुरू झाली आणि तहकूब झाली हे सांगायला कुणी नव्हतं. मी अर्धा तास बसून राहिले. मग लोक उतरले.

दळवी साहेबांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. त्या सभेत सुरुवातीला काकांसाठी सगळे उभे राहिले होते, भानुशाली भाई दोन वाक्यं बोलले होते, आणि अनुमोदक कोण हे न विचारताच टाकीचा विषय घेतला होता. आता दळवी साहेब त्यांच्या नेहमीच्या वेगाने वाचत होते. "विषय पहिला, शोकप्रस्ताव. संस्थेचे ज्येष्ठ सभासद श्री. यशवंत पाष्टे यांच्या निधनाबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते. सूचक, श्री. भानुशाली. अनुमोदक, श्री. यशवंत पाष्टे. ठराव सर्वानुमते मंजूर. विषय दुसरा, पाण्याची टाकी..."

ते थांबले नाहीत. मी आजूबाजूला पाहिलं. मिश्राजी मोबाइल बघत होते, नाईक मॅडम घड्याळ. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फक्त गुरव काकांनी मान वर केली होती आणि ते माझ्याकडे बघत होते. मी उठून सांगणार होते की यात चूक झाली आहे. पण उठले नाही. मला वाटलं, ती चूक झाली नसती तर तिथे कुणाचं नाव आलं असतं? कुणीतरी उठलं असतं का?

"तो इतिवृत्त कायम करें?" भानुशाली भाईंनी विचारलं. "सूचक मी. अनुमोदक?"

सगळ्यांनी, सवयीने, दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

बाहेर रस्त्यावरून रिक्षा गेली. मग गुरव काका खुर्चीचे हात धरून उठले. त्यांनी शर्ट खाली ओढला.

"माझं आहे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की भानुशाली भाईंना पुन्हा विचारावं लागलं. "अनुमोदन. माझं आहे."

दळवी साहेबांनी चकित होऊन वर पाहिलं. मग लॅपटॉपवर जुनं नाव खोडलं आणि नवं टाइप करायला लागले.